सतरा नंबरची सायकल

ललिताबाईंना सायकलीच्या शर्यतीशी काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजायच्या आत आपण हिंगोलीच्या स्टेशनावर उभं असावं. पण एकावन्न साली वाशीमहून हिंगोलीला जायचं म्हणजे परदेशी जायचं, आणि परदेशी जायला घरातल्या कर्त्या माणसाला काहीतरी वजनदार कारण लागतं. धाकट्या बहिणीची भेट हे काही वजनदार कारण नव्हे. सायकलीची शर्यत हे होतं.

परदेश म्हणजे मोगलाई. निजामाचं राज्य जाऊन तीन वर्षं झाली होती, तिथेही आता तिरंगाच फडकत होता, तरी वाशीमची माणसं पैनगंगेच्या पलीकडे बोट दाखवून ‘तिकडं मोगलाईत’ असंच म्हणत. त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही, कारण राज्य गेलं तरी नाका गेला नव्हता. नदी ओलांडली की रस्त्यावर आडवा बांबू, बांबूशेजारी पत्र्याची खोली आणि खोलीत करोडगिरीचा कारकून. करोडगिरी म्हणजे मालावरची जकात. इकडची वस्तू तिकडे न्यायची तर त्याच्या वहीत लिहून घ्यावी लागे. झेंडे एक झाले होते, वह्या अजून व्हायच्या होत्या.

त्या नदीपलीकडे गोजरा दिली होती. लग्न होऊन पाच वर्षं झाली, आणि त्या पाच वर्षांत दोघी बहिणींची गाठ पडली नव्हती. अठ्ठेचाळीसच्या श्रावणात आई गेली तेव्हा तिकडे रझाकारांची धामधूम, रस्ते बंद. गोजराला कळलं तेच सव्वा महिन्याने. शेवटचे चार दिवस ललिताबाई आईच्या उशाशी बसून होत्या. त्या चार दिवसांत आई जे बोलली ते गोजराबद्दल बोलली, आणि ते ललिताबाईंनी तीन वर्षं मनात जपून ठेवलं होतं. पत्रात लिहिण्यासारखं ते नव्हतं. गोजराला आलेलं पत्र आधी तिचे सासरे ओट्यावर बसून मोठ्याने वाचत, मग सासूबाई त्यावर आपलं मत देत, आणि उरलंसुरलं गोजराच्या हाती पडे. ते समोरासमोर, तिच्या कानातच सांगायचं होतं. पण कधी इकडे बाळंतपण निघे, कधी तिकडे. कधी इकडच्या सासूबाई पडत, कधी तिकडच्या.

आणि भाद्रपद सरता सरता गोजराचं चार ओळींचं कार्ड आलं. तिच्या मालकांची रेल्वेत काझीपेठला बदली झाली होती. दसऱ्याचा मुहूर्त धरून पाचच्या गाडीने सगळं बिऱ्हाड निघणार होतं. ‘ताई, जमलं तर स्टेशनावर ये. मग काही जमायचं नाही,’ एवढंच शेवटी लिहिलं होतं. काझीपेठ कुठे आहे ते ललिताबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी नवऱ्याला विचारलं. रामधन मास्तर मिडल स्कूलमध्ये भूगोल शिकवत. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, वाशीमपासून काझीपेठपर्यंत पट्टी पुरली नाही, तेव्हा ते म्हणाले, “लांब आहे.”

हे मास्तर सबंध जगाचा भूगोल शिकवत, पण स्वतः अकोल्याच्या पुढे गेले नव्हते. गेल्या दिवाळीपासून मात्र त्यांच्या अंगात वारं भरलं होतं, कारण त्यांनी सायकल घेतली होती. हबीब मिस्त्रीच्या दुकानातली, दुसऱ्या हाताची, पण घंटी कोरी करकरीत. घेताना शेजारच्या हिरीबाईंनी सल्ला दिला होता. हिरीबाईंचा सल्ला कोणी मागत नसे. तो पावशेर साखर उसनी न्यायला येताना त्यांच्याबरोबरच येई.

“वाहन बाईच्या नावानं घ्या मास्तर, लाभते,” हिरीबाई म्हणाल्या होत्या. “आमच्या यायनं, पोरीच्या सासऱ्यानं, सोताच्या नावानं बैलाची रेंगी घेतली. सा महिन्यात दोन्ही बैल गेले.”

मास्तर वर्गात मोसमी वाऱ्यांची कारणं शास्त्रशुद्ध सांगत. अशा गोष्टींवर त्यांचा बिलकूल विश्वास नव्हता. तरी पण त्यांनी नगरपालिकेच्या लायसनवर नाव लिहिलं ते ललिताबाईंचं. विश्वास नसला म्हणून मुद्दाम बैल कोण मारून घेतो? असो. त्या सायकलीला ललिताबाईंनी हळदीकुंकवापलीकडे कधी बोट लावलं नव्हतं. फार तर मागच्या कॅरिअरवर बसून त्या एकदोनदा देवळापर्यंत गेल्या होत्या, तेही डोळे मिटून.

हिंगोलीचा दसरा मोठा. त्यात त्या वर्षी प्रौढांची सायकल शर्यत ठेवली होती. दुपारी चार वाजता मैदानातून निघायचं, वाशीमच्या रस्त्याने पाच मैलांच्या दगडाला वळसा घालायचा आणि परत मैदानात. मास्तरांनी नाव घातलं. टपालाने नंबर आला, पुठ्ठ्यावर ठळक १७. तो त्यांनी आठ दिवस आधीच हँडलला बांधला आणि शाळेतही तसाच नेला.

“शर्यत झाली की तुले स्टेशनावर नेऊन सोडतो,” मास्तर म्हणाले.

“शर्यत चारले. गाडी पाचले,” ललिताबाई म्हणाल्या.

“पाऊण तासात येतो मी.”

“अन् नाई आले तं?”

मास्तर दुखावले गेले. एखाद्या खेळाडूला शर्यतीच्या आदल्या दिवशी घरातूनच असा प्रश्न विचारला जावा, याचं त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले आणि पुन्हा एकदा चेनला तेल घालू लागले.

निघायच्या दिवशी सकाळी दारात जत्रा जमली. कोणी मोगलाईत जाणार म्हटल्यावर रिकाम्या हाताने कसं जाऊ द्यायचं? गल्लीतल्या निम्म्या घरांची कोणी ना कोणी पोर तिकडे दिलेली होती. हिरीबाईंनी लेकीसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली. कोणी कुरड्यांचं गाठोडं, कोणी सांडगे. अमीनाबी, म्हणजे हबीब मिस्त्रीची बायको, मेंदीची पुडी आणि जरीची एक इवलीशी टोपी घेऊन आली. तिच्या लेकीला मुलगा होऊन दीड वर्ष झालं होतं. आजीने अजून त्याला पाहिला नव्हता.

“डोकं किती मोठं आहे मालूम नाही,” अमीनाबी म्हणाली. “अंदाजानं शिवली. छोटी झाली तं म्हणजो, नानीनं लहानच समजलं होतं तुले.”

ललिताबाईंनी ती टोपी वेगळी, आपल्या पिशवीत घातली.

हबीब मिस्त्रीने चाकं दाबून पाहिली. “मास्तरसाब, हवा जास्त नको. आज गरमी आहे. अन् उतारावर ब्रेक मारू नका, मागचा आहेच नाही.”

“नाही म्हणजे?”

“होता. तुमी आधी सांगता तं लावला असता.”

आठची मोटर दहाला निघाली. सायकल टपावर चढवली. ललिताबाई बायकांच्या बाकावर बसून उन्हाचा अंदाज घेत राहिल्या. कपाशीची बोंडं फुटू लागली होती. गावोगावी बैलगाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. दसऱ्याला गाडी जुंपत नाहीत, पुजतात. मोटरीत मास्तर शेजारच्या माणसाला शर्यतीची माहिती देत होते आणि तो माणूस झोपला होता.

नदी ओलांडून मोटर बांबूपाशी थांबली. इकडच्या मोटरीचं परमिट तिथवरच. पलीकडे दुसरी, मोगलाईतली मोटर उभी होती. उतरायचं, नाक्यातून जायचं, तिच्यात चढायचं. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचंच होतं, पण सगळ्यांच्या हातात फक्त पिशव्या होत्या, आणि मास्तरांच्या हातात सायकल, तिच्यावर गल्लीभरच्या लेकींची माहेरं.

नाक्याचे कारकून जमशेद साहेब चाळिशीचे, टोपी तिरकी, दात पानाने रंगलेले. त्यांनी वही उघडली. “हं. क्या क्या आहे?”

“घरगुती आहे सगळं,” मास्तर म्हणाले.

“घरगुती म्हणजे कोणत्या घराचं? लिहावं लागतं. लोणचं. कोणाचं, कोणाला, नातं?”

लोणच्याचं नातं सोपं होतं. सांडगेही सुटले. कुरड्यांपाशी मात्र गाडी अडली. त्या ज्या बाईंनी दिल्या होत्या त्यांच्या नणंदेच्या जावेच्या सुनेला द्यायच्या होत्या, आणि वहीत नात्याचा रकाना बोटभर रुंद. मास्तर नातं सोडवायला गेले आणि त्यांनी त्या जावेला तिच्याच सुनेची जाऊ करून ठेवलं. मग ललिताबाईंना आत बोलावलं. त्यांनी पहिल्यापासून नातं लावून दिलं. जमशेद साहेबांनी ते दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. शेवटी टोपी आली.

“ही कोणाची?”

“अमीनाबीच्या नातवाची. पाह्यला नाई तिनं अजून. अंदाजानं शिवली.”

जमशेद साहेबांनी टोपी आपल्या मुठीवर घालून पाहिली. थोडा वेळ तशीच धरली. त्यांचं घर औरंगाबादेला होतं. “छोटी होईल,” ते म्हणाले, आणि टोपी वहीत न लिहिताच परत दिली.

ललिताबाई बाहेर आल्या तेव्हा पलीकडच्या मोटरीच्या जागी धूळ होती. पुढची मोटर उद्या सकाळी.

दुपारचे दोन वाजून गेले होते. हिंगोली सोळा मैल. बैलगाडी आज कोणी जुंपणार नव्हतं. मास्तरांनी छाती पुढे काढली. “चिंता नको. सायकल आहे आपल्यापाशी. बस मागं.” आणि त्यांनी सायकल बांबूकडे ढकलायला घेतली.

“ठैरो!” जमशेद साहेब ओरडले. “सायकलचं काय?”

“सायकलचं काय?”

“देखो मास्तर, कायदा साफ आहे. सायकल चालवत नेली तं वाहन. ढकलत नेली तं माल. मालावर करोडगिरी. ती ठरवणारे मोठे साहेब दसऱ्याला घरी गेले, सोमवारी येतील.”

“मग चालवत नेतो!”

“खुशाल न्या. मालिक कोण, कागद दाखवा.”

मास्तरांनी खिशातून नगरपालिकेचं लायसन काढलं आणि ते देता देताच त्यांचा चेहरा पडला. जमशेद साहेबांनी सावकाश वाचलं, “ललिताबाई रामधन. मालिक बाई आहेत. मालिकच नेऊ शकते. अन् सायकल तिकडं विकून येऊ नये म्हणून एक जामीन इथं बसतो, सायकल वापस येईपर्यंत. जामीन तुमी. हे सामानही जामिनापाशी.”

“अहो, तिला सायकल येत नाही!”

“ते वहीत नाही.”

मास्तर मग पुष्कळ बोलले. सरकार, स्वातंत्र्य, शिक्षकाचा पेशा आणि प्रौढांची शर्यत या सगळ्यांवर बोलले. जमशेद साहेबांनी मन लावून ऐकलं आणि त्यांना पान देऊ केलं. ललिताबाई त्यातलं काहीच ऐकत नव्हत्या. त्या बांबूपलीकडच्या रस्त्याकडे बघत होत्या. रस्ता तिथून उतरत होता, लांबवर. पाचची गाडी. मग काझीपेठ, जिथवर पट्टी पुरत नाही.

त्यांनी आपली पिशवी मास्तरांच्या खांद्याला अडकवली, नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट ओढला, पदर कमरेला खोचला.

“धरा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

“काय धरू?”

“सायकल धरा. बसतो मी.”

“ललिता!” पंधरा वर्षांच्या संसारात मास्तरांनी चारचौघांत बायकोचं नाव पहिल्यांदाच घेतलं. “पडशील!”

“पडली तं उठीन. गाडी गेल्यावर काय करू?”

मास्तरांनी सायकल धरली. ते मुळातच ठेंगणे, त्यामुळे सीट खाली होती. ललिताबाई त्यांच्याहून दोन बोटं उंच होत्या, आणि ही गोष्ट त्या घरात कधीच बोलली जात नसे. आज तिचा उपयोग झाला. त्या डंड्यावरून पाय टाकून बसल्या तेव्हा नाक्यावरची सगळी माणसं, चहावाला, एक संन्यासी आणि दोन शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

जामिनाला बांबू ओलांडता येत नव्हता, म्हणून पलीकडून नाक्याचा शिपाई रूपला पुढे आला. पिकल्या मिशांचा, तांड्यावरचा, अंगाने दणकट. त्याने सीट मागून धरली. बांबू वर गेला.

“पुढं पाह्य! चाकाकडं नको पाहू, पुढं!” मास्तर मागून शिकवू लागले. “दोन्ही पाय! एकामागून एक! हँडल घट्ट, पण सैल!”

सायकल एकदा चहाच्या टपरीकडे गेली, एकदा शेळ्यांकडे, मग रस्त्यावर आली. रूपला धावत होता. उतार लागला.

“बाई, म्या धरलं हाय!”

“सोडू नका भाऊ!”

“नाई सोडत!” थोडं अंतर गेलं. रूपला खरं बोलणारा माणूस होता. “बाई, आता सोडून राह्यलो!”

“सोडू नका!”

“सोडलं!”

मागे वळून बघायची सोय नव्हती. हाक लहान होत गेली. ललिताबाईंचे दात एकमेकांवर बसले होते, आणि सायकल चालली होती. आपण पडत का नाही, याचं त्यांना नवल वाटलं. पहिल्या मैलाच्या दगडापाशी त्यांना दुसरी गोष्ट सुचली. उतरायचं कसं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. आणि उतरता आलं तरी पुन्हा चढवायला रूपला नव्हता. थांबलं की संपलं. तेव्हा थांबायचं नाही.

त्या थांबल्या नाहीत. ऊन डोक्यावर, चढ लागला की छातीचा भाता, उतार लागला की देवाचं नाव. तोंडाला कोरड पडली, पण तहान लागली म्हणून काय करणार? एका गावात वेशीपाशी माणसं आपट्याची पानं वाटत होती. सायकलीवर बाई बघून आधी सगळी मागे सरली, मग एक म्हातारा हात पुढे करून आडवा आला.

“माय, थांब वं, सोनं घे!”

“थांबता येत नाई हो बाबा!”

म्हाताऱ्याने जीव वाचवून मुठीतली पानं तशीच त्यांच्या अंगावर उधळली. काही पदरात अडकली. मागून बायकांचा हसण्याचा आवाज आला आणि त्यातच एक मोठ्याने म्हणाली, “जाऊ द्या वं तिले! माहेरी जाऊन राह्यली दिसते!”

माहेरी. ललिताबाईंना वाटलं, खाली उतरून त्या बाईला सांगावं, की नाही गं, माहेर तीन वर्षांपूर्वीच उठलं. आता जे काही आहे ते हिंगोलीच्या स्टेशनावर ट्रंकेवर बसलंय, आणि तेही पाचपर्यंतच. रानात बाभळींच्या सावल्या लांब होऊ लागल्या होत्या. त्या सावल्यांवरूनच त्या वेळ ओळखत होत्या. लहानपणी गोजराला कडेवर घेऊन त्या शेतात भाकर न्यायच्या तेव्हाही असाच सावलीवरून अंदाज. गोजरा तेव्हा म्हणायची, ‘ताई, आपण सावलीच्या पुढं पळू.’ आज ललिताबाई पळत होत्या, पण कडेवर कोणी नव्हतं.

हिंगोली पाच मैल राहिली आणि रस्त्यावर माणसं दिसू लागली. दगडापाशी पताका, मेज, मेजामागे टोप्या घातलेले पंच. प्रौढांची शर्यत तिथे वळसा घ्यायला आली होती. दोन सायकली वळून पुढे गेल्या. तिसऱ्या गड्याने वळता वळता समोरून लुगड्यातली बाई येताना पाहिली, तो तिच्याकडे बघतच राहिला आणि मेजावर गेला. चौथा त्याच्यावर, पाचवा दोघांवर. मेज, पंच आणि पताका यांचा जो ढीग झाला त्याच्या कडेने ललिताबाई अंग चोरून निघून गेल्या.

“बाजूले व्हा, ब्रेक नाई!” एवढंच त्या म्हणाल्या.

ढिगाखालून एका पंचाने चष्मा सावरला, हँडलवरचा नंबर वाचला आणि इमानाने वहीत लिहिला, सतरा.

पुढचे पाच मैल दोन्हीकडे माणसांच्या भिंती होत्या. आधी हसू, मग शिट्ट्या, मग टाळ्या. पोरं बरोबर धावत होती. “सत्रा नंबर! सत्रा नंबर!” ललिताबाईंच्या कानांत नुसता समुद्रासारखा आवाज भरला. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, पण मास्तर वर्गात सांगत तसाच तो असणार. मैदान आलं, कमान आली, पहिल्या दोघांनंतर कमानीला पुन्हा ताणून बांधलेली दोरी तुटून गळ्यात पडली. भोंग्यातून आवाज घुमला, “तिसरे आले आहेत सतरा नंबर, श्रीयुत रामधन मास्तर, वाशीम!” आणि त्यापाठोपाठ भोंगा एकदम गप्प झाला.

हारवाले हार घेऊन पुढे झाले.

“स्टेशन कुठं हो?” ललिताबाईंनी ओरडून विचारलं.

“सरळ!” हारवाल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, आणि श्रीयुत रामधन मास्तर हार न घेताच सरळ गेले.

स्टेशनाच्या दारात हमालांनी गाठोडी रचून ठेवली होती. उतरायची विद्या ललिताबाईंना शेवटपर्यंत आली नाही. त्यांनी डोळे मिटले आणि सायकल त्या गाठोड्यांत घातली. कापूस असावा. त्या उठल्या, गुडघा फुटला होता, लुगडं टरकलं होतं. सायकल तशीच टाकून त्या आत धावल्या. फलाटावरच्या घड्याळात पाचला सात मिनिटं होती.

गोजरा ट्रंकेवर बसली होती. मांडीवर एक पोर, हाताशी एक. अंगाने भरली होती. कानांत त्याच आईच्या कुड्या. समोरून धुळीने माखलेली, गळ्यात तुटकी दोरी आणि पदरात आपट्याची पानं घेऊन येणारी बाई तिने ओळखली नाही. मग ओळखली.

“ताई!”

दोघींना एकमेकींना मिठी मारता आली नाही, मध्ये पोर होतं. गोजराच्या सासूबाई बघत होत्या, सासरे बघत होते, मालक डब्यात बिछाने चढवत होते.

“कशानं आली? मोटर तं कवाचीच येऊन गेली!”

“सायकलीनं.”

“भावजी कुठं हायेत?”

“नाक्यावर. जामीन.”

“अन् सायकल कोणं चालवली?”

“म्या.”

“तुले कवा आली सायकल?”

“येता येताच आली.”

गोजरा हसायला लागली आणि हसता हसताच तिचं लक्ष गुडघ्याकडे गेलं. मग ती रागावली. सुरईतलं पाणी घेऊन फलाटावर बसून तिने बहिणीचा गुडघा धुतला, लहानग्याचं दुपटं फाडून बांधला, आणि सबंध वेळ बोलत राहिली, अक्कल कशी नाही, वय काय झालं, हात-पाय मोडले असते तर. हुबेहूब आई. ललिताबाई ऐकत राहिल्या. पाच वर्षांत साठवलेलं कितीतरी होतं. कोण गेलं, कोणाचं झालं, विहिरीपाशीचा आंबा कसा वठला. ते सगळं राहिलं. त्या गोजराच्या केसांतल्या भांगाकडे बघत बसल्या होत्या.

शिट्टी झाली. सासऱ्यांनी घाई केली. पोरं, ट्रंका, सुरई, सगळं आत गेलं. गोजरा खिडकीशी आली तेव्हा गाडी हलली होती.

“ताई,” ती एकदम हळू आवाजात म्हणाली, “आई बोलली का काई? मी नव्हती तवा?”

ललिताबाई लंगडत गाडीबरोबर चालू लागल्या. इतकी वर्षं कानात सांगायचं म्हणून जपलेलं होतं, आणि आता ओरडून सांगावं लागणार होतं, आणि खिडकीत गोजराच्या खांद्यामागे सासूबाईंचा चेहरा होता. पण दुसरी खिडकी नव्हती.

“चार दिवस एकच बोलून राह्यली होती!” त्या ओरडल्या. “म्हणे, गोजरीले भाकर थापता येत नाई! धाकटी म्हणून शिकोलीच नाई म्या! परक्या घरी तिची सासू काय म्हणत असंन! जाईपर्यंत तेच, बाई! भाकर, भाकर, भाकर!”

गोजराचा चेहरा हसू आणि रडू यांच्या मधे कुठेतरी मोडला. गाडीने वेग घेतला. गोजराने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि हवेतच या तळव्यावरून त्या तळव्यावर भाकर थापून दाखवली, भराभरा, गोल, एकसारखी.

“येते मले आता!” ती ओरडली. “आईले सांगजो, ताई! येते म्हणा!”

“सांगतो!” ललिताबाईंनी ओरडून सांगितलं. फलाट संपला तिथे त्या थांबल्या. गाडी वळणाआड गेली तरी ते दोन हात त्यांना दिसत राहिले, थापत असलेले.